शाळेत गाणारी मुले आहेत, गाऊन घेणारा माणूस तयार करा

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे
राज्यातील विद्यापीठांच्या संगीत विभागांचे प्रमुख

विषय : शाळांसाठी वृंदगान संचालकाचे प्रशिक्षण आणि पद

महोदय,

राज्यातल्या जवळपास प्रत्येक शाळेचा दिवस गाण्याने सुरू होतो. राष्ट्रगीत होते, १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत आले आहे, मग प्रार्थना आणि एखादे समूहगीत. एवढी मुले रोज एका वेळी तोंड उघडून गातात असे दुसरे ठिकाण महाराष्ट्रात नाही. तरीही हे गाणे कुणी शिकवत नाही. ते बसवले जाते, पाठ करून घेतले जाते, हल्ली तर ध्वनिक्षेपकावर लावून त्याच्यामागे म्हटले जाते. गणित शिकवायला गणित शिकलेला माणूस लागतो हे आपण मानतो. पन्नास मुलांना एका सुरात आणायलाही ते काम शिकलेला माणूस, म्हणजे वृंदगान (समूहगान) संचालक, लागतो, एवढेच या पत्राचे म्हणणे आहे. तो कसा तयार होईल आणि कोणत्या पदावर बसेल, तेही पुढे लिहिले आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. ज्याला गाता येते त्याला गायला लावता येते, असे आपण गृहीत धरतो. शाळेने संगीत शिक्षक नेमला तर बहुधा शास्त्रीय संगीताची विशारद ही परीक्षा झालेली व्यक्ती येते. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या चढताना तिने राग, आलाप, ताना, बंदिशी यांची मेहनत केलेली असते. ही सारी एकट्याने गाण्याची तयारी असते. गायक विष्णु दिगंबर पालुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून संगीत वर्गात आणले आणि एका वेळी अनेकांना शिकवण्याची वाट घालून दिली. पण परीक्षा आजही एकेकट्याच्या गळ्याचीच होते. या वाटेवर कुठेही समोर चाळीस मुले उभी करून ‘आता यांच्याकडून गाऊन घ्या’ असे कुणी सांगत नाही. मग शाळेत गेल्यावर काय होते ते पाहा.

पहिली चूक पट्टीची होते. पट्टी म्हणजे ज्या उंचीवर षड्ज (सा) धरायचा ती. गायक स्वतःच्या गळ्याची पट्टी लावतो. शिक्षिकेचा षड्ज साधारण काळी चार ते काळी पाच असतो (पेटीच्या सप्तकातल्या काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या डावीकडून वेगवेगळ्या मोजायच्या). गाणे मध्य षड्जापासून तार (वरच्या सप्तकातल्या) षड्जापर्यंतचे असेल तर मुलांना खालच्या काळी चारपासून सुरुवात करावी लागते. आठ-दहा वर्षांच्या गळ्यात तो सूर बसत नाही. मुले तिथे गात नाहीत, बोलतात, आणि ऐकणारा म्हणतो, ‘यांना सूरच नाही.’ हेच गाणे पांढरी दोन किंवा तीनमध्ये घेतले की त्याच मुलांचा सूर लागतो. नियम साधा आहे. तिसरी ते सातवीच्या मुलांसाठी गाण्यातला सर्वांत खालचा सूर पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एकच्या खाली जाऊ नये आणि सर्वांत वरचा त्याच्या पुढच्या सप्तकातल्या पांढरी तीनच्या वर जाऊ नये. पहिली-दुसरीसाठी वरची मर्यादा आणखी तीन-चार सूर खाली आणावी. गाणे हातात आले की आधी त्याचा तळ आणि माथा शोधायचा, मग षड्ज ठरवायचा. राष्ट्रगीत मंद्र (खालच्या सप्तकातल्या) निषादापासून तार षड्जापर्यंत जाते, म्हणून शाळेत त्याचा षड्ज पांढरी दोन ते पांढरी तीन असावा. एखादी प्रार्थना मंद्र पंचमापासून मध्य धैवतापर्यंतच फिरत असेल, तर षड्ज पांढरी चारवर न्यावा लागतो. मोठ्या पुरुष गायकाच्या पट्टीतली ध्वनिफीत लावली की हा हिशेब कोलमडतो, आणि तो कोलमडला आहे हे सांगणारे शाळेत कुणी नसते.

दुसरी चूक पेटीची. शिक्षक पेटीमागे बसतो, डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर, नजर खाली. मुलांकडे पाहायला कुणीच उरत नाही. शिवाय तो स्वतःही मोठ्याने गात असतो, आणि गाणाऱ्याला समोरचे ऐकू येत नाही. चौथ्या ओळीत मागची रांग पाव सूर उतरली हे त्याला कळत नाही. पेटीचा आवाज ते झाकून टाकतो. पेटी बंद केल्यावर मुले कुठे पोहोचली आहेत ते कळते, पण पेटी कधी बंद होतच नाही. शाळेत पेटीचे काम एवढेच की षड्ज द्यायचा, अवघड जागा एकदा वाजवून दाखवायची आणि थांबायचे. खाली तानपुरा चालू असावा. मोबाइलवरचाही चालतो, मात्र छोटा ध्वनिक्षेपक जोडलेला असावा, नाहीतर चाळीस आवाजांत तो ऐकूच येत नाही. शिक्षकाने ओळ म्हणून दाखवावी, मग गप्प बसून ऐकावे. ‘मी गातो, तुम्ही ऐका, तुम्ही गा, मी ऐकतो’ ही शिस्त आली की निम्मे काम होते.

मुले का उतरतात याची कारणे माहीत असतील तर उपाय हातात असतो. श्वास ओळीच्या मध्येच संपतो. खाली येणारी सुरावट मुले गरजेपेक्षा मोठ्या पावलांनी उतरतात आणि वर चढणारी लहान पावलांनी चढतात, त्यामुळे प्रत्येक फेरीत थोडे थोडे खाली सरकत जाते. लय फार संथ घेतली की श्वास आणखी लवकर संपतो. सकाळी सातला गळे थंड असतात, तरी परिपाठ थेट वरच्या पट्टीत सुरू होतो. आणि उघड्या मैदानावर आवाज परत येत नाही, म्हणून मूल स्वतःचेच ऐकायला ओरडते. ओरडणे आणि सूर एकत्र राहत नाहीत.

मैदानाचा आणखी एक प्रश्न आहे, तो शुद्ध भौतिकशास्त्राचा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ध्वनिक्षेपक पुढे आणि शेवटची रांग ५० मीटर मागे असेल, तर मागच्या मुलांना गाणे सुमारे ०.१५ सेकंद उशिरा ऐकू येते. अर्ध्या सेकंदाची मात्रा असलेल्या गाण्यात हा उशीर जवळजवळ एक तृतीयांश मात्रेचा होतो. मागची मुले त्यांना ऐकू आले तेव्हाच गातात, पुढच्यांना तो आवाज आणखी तेवढाच उशिरा परत येतो, आणि शेवटच्या ओळीत दोन गट दोन ठिकाणी पोहोचतात. मुलांचा यात काही दोष नसतो. यावर उपाय एकच, मुलांनी कानाने न चालता डोळ्यांनी चालायचे. त्यासाठी सर्वांना दिसेल अशा उंचीवर उभा असलेला, हाताने मात्रा दाखवणारा माणूस लागतो. संगीतकार वसंत देसाईंनी हजारो शाळकरी मुलांना मैदानावर एकत्र गायला लावले ते ध्वनिक्षेपकाच्या भरवशावर नव्हे.

हाताच्या इशाऱ्याला परकी गोष्ट समजण्याचे कारण नाही. पालखी सोहळ्यात समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि टाळमृदंगाचा गजर जागच्या जागी थांबतो. इतक्या मोठ्या वृंदाला एका इशाऱ्यावर थांबवणे यापेक्षा वेगळे संचालन ते काय असते? तालातली टाळी आणि खाली (टाळी न देता हात बाजूला नेणे) हेही मात्रा दाखवणारे हातच आहेत. शाळेत अडचण एवढीच की टाळीचा आवाज होतो आणि तो गाण्यावर चढतो. म्हणून तीच मात्रा आवाज न करता दाखवायची. चार मात्रांचा हात खाली, आत, बाहेर, वर. कहरवा तालाच्या आठ मात्रा म्हणजे असे दोन फेर, दादरा ताल मध्य लयीत असेल तर तीन-तीन मात्रांचे दोन ठोके. रूपक ताल तीन-दोन-दोन. पण हात फिरवता आला म्हणजे संचालन आले असे नाही. खरे कसब सुरू होण्याआधीच्या मात्रेत असते. ती रिकामी मात्रा दाखवताना संचालक स्वतः श्वास घेतो, मुले त्याच्याबरोबर श्वास घेतात, आणि पुढच्या मात्रेवर सगळे एकत्र येतात. ही मात्रा दाखवली नाही तर पहिला शब्द चाळीस ठिकाणी फुटतो. शेवटही तसाच. ‘देश’ या शब्दातला ‘श’ ज्याच्या त्याच्या मर्जीने संपला तर नुसती सळसळ ऐकू येते. तो कोणत्या मात्रेवर सोडायचा ते हातानेच सांगावे लागते. ‘महाराष्ट्र’मधल्या ‘ष्ट्र’चेही तेच. आणि ‘च’, ‘ज’ यांचे दोन उच्चार आहेत. वर्गात कोकणातले, खानदेशातले, विदर्भातले मूल शेजारी शेजारी उभे असेल तर पहिल्याच दिवशी कोणता उच्चार घ्यायचा ते ठरवून टाकावे.

आता एका चुकीबद्दल थोडे कळकळीने लिहितो, कारण तिची किंमत मुलगे मोजतात. बारा ते पंधरा या वयात मुलग्याचा आवाज फुटतो आणि शेवटी साधारण एक सप्तक खाली जातो. मधल्या काळात त्याच्याकडे पाच-सहाच भरवशाचे सूर असतात, आणि तेही दर महिन्याला बदलतात. अशा वेळी त्याला ‘तू नुसते तोंड हलव’ असे सांगितले जाते. त्यातले बहुतेक मुलगे पुन्हा कधीच गात नाहीत. शिकलेला संचालक असे करत नाही. तो महिन्यातून एकदा प्रत्येकाचे तीन सूर ऐकतो, कुठून कुठपर्यंत येतो ते वहीत लिहितो, आणि त्या पाच-सहा सुरांतला एक भाग त्याच्यासाठी लिहितो. आपल्याकडे त्याला नाव आहे, झील. शाहिराच्या मागे झीलकरी जो लांब सूर धरतात तोच. नुसता षड्ज आणि खालचा पंचम धरून उभे राहणारे आठ मुलगे वृंदाला जो पाया देतात, तो पेटीला देता येत नाही.

इथूनच दोन आवाजांकडे जाता येते. ‘आपले संगीत एकसुरी, त्यात दोन आवाज बसत नाहीत’ असे म्हणून हा विषय बंद केला जातो. पण पायऱ्या चढत गेले तर बसतात. आधी धरलेला षड्ज. मग दोन-तीन सुरांची एकच लकेर पुन्हा पुन्हा, तिच्यावर गाणे. मग एकच चाल दोन गटांनी चार किंवा आठ मात्रांच्या अंतराने गाणे. यासाठी भूप किंवा दुर्गाची चाल निवडावी. या दोन्ही रागांत अर्ध्या सुराचे अंतर कुठेच नसल्यामुळे कुठलाही सूर कुठल्याही सुरावर आला तरी कानाला खटकत नाही. भैरवात हेच केले तर कोमल ऋषभ षड्जावर येऊन घासतो आणि मुले घाबरून दुसऱ्या गटाकडे ओढली जातात. तिथे राग वाईट नसतो, निवड चुकलेली असते. भातखंडे स्वरलिपीतही (गाणे कागदावर लिहिण्याच्या पद्धतीतही) दोन आवाज लिहिता येतात. दोन ओळी एकाखाली एक, मात्रांचे रकाने जुळवून. विद्यार्थ्यांनी हे लिहून पाहिलेले नसते, एवढेच.

गोव्यात दोन आवाज नवे नाहीत. मांडो हा तिथला गीतप्रकार दोन आवाजांत गायला जातो. त्यामागे एक नेमणुकीचे पद आहे. सोळाव्या शतकापासून गोव्याच्या पॅरिश शाळांत मुलांना स्वरलिपी, गायन आणि पुढे व्हायोलिन शिकवले जाई, आणि ते शिकवणारा चर्चचा मेस्त्री हा नेमलेला माणूस असे. गायनवृंद त्याचाच, शाळाही त्याचीच. गावोगावी लिपी वाचणारी मुले तयार झाली, आणि पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद त्यांनी उभे केले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा हे संयोजक त्याच परंपरेतले. गावपातळीवर एक पद दिले तर पुढच्या पिढ्यांना कशी रोजी मिळते याचे याहून जवळचे उदाहरण आपल्यापुढे नाही. मुंबईतच १९५६ मध्ये व्हिक्टर परांजोती यांनी गायनवृंद काढला, पुढे कूमी वाडिया यांनी तो अनेक दशके चालवला. दर्जा उत्तम, पण गाणारे हौशी. शाळेच्या पगारपत्रकावर हे कसब कधी आलेच नाही.

सरकारी कागदात जागा नाही असेही म्हणता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीत शंभरहून अधिक मुले असतील तर कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक नेमायचा आहे. एनसीईआरटीच्या तिसरीच्या ‘बांसुरी’ आणि सहावीच्या ‘कृति’ या पाठ्यपुस्तकांत संगीताचे धडे आले आहेत. केंद्रीय विद्यालयांत प्राथमिक शिक्षक (संगीत) हे स्वतंत्र पद आहे, वेतनस्तर सहा, सुरुवात ३५,४०० रुपयांपासून. तिथे संगीताची पदवी मागितली जाते. राज्याच्या शाळांत मात्र ‘कला’ म्हणजे बहुधा चित्रकला, आणि संगीत ज्याला जमेल त्याच्याकडे. संगीतात पदवी घेतलेला विद्यार्थी विचारतो, ‘पुढे काय?’ तेव्हा खासगी क्लास, साथसंगत आणि रिअॅलिटी शोच्या निवडफेऱ्या यांपलीकडे आपल्याकडे उत्तर नसते.

म्हणून विद्यापीठांकडे पहिली मागणी. संगीताच्या पदवीत ‘वृंदगान संचालन’ ही चार श्रेयांकांची (क्रेडिटची) प्रात्यक्षिक पत्रिका अनिवार्य करा. एका प्रात्यक्षिक श्रेयांकाला ३० तास धरले तर १२० तास होतात. त्यातले ३० तास विद्यार्थ्याने स्वतः वृंदात उभे राहून गावे. जो कधी दुसऱ्याच्या हाताखाली गायला नाही त्याला मुलांची अडचण कळत नाही. ३० तास हात, इशारे, श्वास, सुरुवात-शेवट. २० तास पट्टी ठरवणे आणि दोन आवाजांची रचना लिहिणे. उरलेले ४० तास खऱ्या शाळेत, शिक्षकाच्या देखरेखीखाली. हे ४० तास कापू नका. अभ्यासक्रमाला कात्री लागते तेव्हा ती नेमकी इथेच लागते.

परीक्षाही वेगळी हवी. परीक्षार्थीसमोर अनोळखी २५ मुले, एक नवे गाणे आणि ३० मिनिटे. परीक्षकांनी चारच गोष्टी पाहाव्यात. पट्टी मुलांची निवडली का, चुकलेली जागा ऐकू आली का, ती दुरुस्त करायला कोणता उपाय केला, आणि शेवटी मुले शिक्षकाच्या आवाजाशिवाय, पेटीशिवाय गाऊ शकली का. परीक्षार्थीचा गळा कसा आहे याला गुण नसावेत.

सूर ओळखण्यासाठी हाताच्या खुणांची पद्धत या पत्रिकेत जरूर असावी. इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन यांनी ती रूढ केली, हंगेरीत संगीतकार कोदाय यांच्या पद्धतीत ती मुरली, आणि १९५० मध्ये तिथल्या केचकेमेट शहरात त्यावर आधारलेली प्राथमिक शाळा सुरू झाली. ती आपल्याला जवळची आहे, कारण तिचा ‘दो’ आपल्या ‘सा’सारखाच सरकता आहे, कुठल्याही पट्टीवर बसतो. सा म्हणजे कमरेपाशी मूठ, रे वर तिरका तळहात, ग आडवा तळहात, म खाली वळलेला अंगठा, प स्वतःकडे वळवलेला तळहात, ध सैल लोंबता हात, नि वर दाखवणारी तर्जनी, आणि तार सा पुन्हा मूठ, पण कपाळाच्या उंचीवर. मुलाला सुराची उंची दिसते. पेटी नसलेल्या शाळेतही हे चालते, आणि आपल्या बहुतेक शाळांत पेटी नाही.

दुसरी मागणी शासनाकडे, पदाची. प्रत्येक शाळेला संगीत शिक्षक द्या असे म्हटले तर उत्तर ठरलेले आहे : संचमान्यतेत (पटानुसार मिळणाऱ्या शिक्षकपदांच्या मंजुरीत) बसत नाही. म्हणून पद शाळांच्या केंद्राला, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटाला द्या. एका वृंदगान शिक्षकाकडे केंद्रातल्या पाच शाळा. प्रत्येक शाळेत तिसरी ते पाचवीचा एक गट आणि सहावी ते आठवीचा एक, प्रत्येकाला आठवड्यातून दोन तासिका. म्हणजे शाळेमागे चार, एकूण वीस तासिका, आणि शनिवारी केंद्रशाळेत एकत्र तालीम. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांना एकटीने वृंद जमत नाही, त्यांना या शनिवारचा सर्वांत जास्त उपयोग होईल. दोन तासिका लागोपाठच्या दिवशी ठेवू नयेत, आणि जेवणानंतरची पहिली तासिका देऊ नये. भरल्या पोटी मुलांचा श्वास खोल जात नाही. नेमणूक पूर्ण वेळ आणि नियमित वेतनावर व्हावी. तासिकेच्या मानधनावर माणूस एक वर्ष टिकतो, आणि वृंद बसायला दोन वर्षे लागतात.

४० मिनिटांची तासिका कशी भरायची याचा ढोबळ आराखडा परिषदेने शिक्षक हस्तपुस्तिकेत द्यावा. उभे राहणे आणि श्वास तीन मिनिटे, आकार-मकार (‘आ’ आणि ‘म’वर सूर लावणे) पाच, खुणांवरून सूर ओळखणे पाच, नव्या गाण्याच्या चार ओळी दहा मिनिटे, जुन्या गाण्यातली एकच अवघड जागा सात, झील किंवा दुसरा आवाज पाच, आणि शेवटी न थांबता एक अख्खे गाणे. नवे गाणे शेवटी घेऊ नये. तोपर्यंत लक्ष आणि गळा दोन्ही थकलेले असतात.

तिसरी मागणी स्पर्धांबद्दल. भारतीय विद्यापीठ संघाच्या युवक महोत्सवात भारतीय समूहगानाला जास्तीत जास्त सहा गायक, तीन साथीदार आणि दहा मिनिटे. शाळांच्या स्पर्धाही याच मापाच्या. सहा जण म्हणजे सहा चांगले गळे निवडणे आले, बाकीच्यांनी प्रेक्षकांत बसायचे. त्या सहांनाही संचालक लागत नाही, पेटीवाला इशारा करतो. राज्याने आपल्या शालेय स्पर्धेत किमान २४ गायकांचा गट ठेवावा, संचालक समोर उभा असावा, एक गाणे वाद्यांशिवाय आणि एक दोन आवाजांत असावे. नियम बदलला की दुसऱ्या दिवसापासून शाळा असा माणूस शोधू लागतील. दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी वाढीव गुण मिळतात. तीन वर्षे वृंदात गाणाऱ्या मुलालाही त्याचा विचार व्हावा.

सुरुवात एका जिल्ह्यात करता येईल. ३० केंद्रे, ३० शिक्षक, दोन शैक्षणिक वर्षे. जून २०२७ च्या आत उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांचे निवासी प्रशिक्षण घ्यावे. साहित्य फार लागत नाही. प्रत्येकी एक स्वरनळी (फुंकून सूर देणारी छोटी नळी), मोबाइलला जोडायचा छोटा ध्वनिक्षेपक, एक ढोलकी आणि केंद्रशाळेत एक पेटी. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात प्रत्येक शाळेचे राष्ट्रगीत साथीशिवाय ध्वनिमुद्रित करावे, आणि तेच दुसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये पुन्हा. दोन्ही मुद्रणे शेजारी शेजारी ठेवून ऐकावीत : सुरुवातीचा षड्ज आणि शेवटचा षड्ज यांत किती अंतर पडले, किती मुलगे गात आहेत, आणि ५२ सेकंदांचे गीत किती सेकंदांत संपले. ही ध्वनिमुद्रणे ऐकूनच पुढच्या जिल्ह्यांचा निर्णय घ्यावा.

आपले,
शाळांमध्ये वृंदगान शिकवणारे संगीत शिक्षक